खेळताना पडल्याने

वीसपैकी अठरा. इतके गुण मला शाळेतसुद्धा कधी पडले नव्हते. त्या सकाळी पावणेअकराला, बाहेरच्या बाकांवर साठ-सत्तर पोरं आणि त्यांच्या आया ताटकळत बसलेल्या असताना, एका पंचविशीतल्या संशोधक मुलीने मला ते बहाल केले. तीन दिवस ती निळी फाइल छातीशी धरून माझ्या दाराशी उभी राहत होती. "मॅडम, दहाच मिनिटं." माझ्याकडे दहा मिनिटं असती तर मी आधी चहा प्यायले असते, आणि तोही गरम. शेवटी कटकट मिटवायची म्हणून एका हाताने एका तान्ह्याचं पोट चाचपत दुसऱ्या हाताने तिचे प्रश्न सोडवले. मुलांना होणारी मारहाण ओळखणे आणि कळवणे: डॉक्टरांची जाणीव. चालत्या-पळत्या मुलाला पडून कुठे लागतं? गुडघा, नडगी, कोपर, कपाळ. पडून सहसा कुठे लागत नाही? कान, मान, पाठ, दंडाची आतली बाजू. कळवायला खात्री लागते का? नाही, संशय पुरतो. वरिष्ठांची सही लागते का? नाही. कुठे कळवायचं? चार पर्यायांतला तिसरा. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांना मीच शिकवते. वीस प्रश्न संपले, पान उलटलं, तर मागे एकविसावा होता. त्याला गुण नव्हते. आजवरच्या सेवेत, असा संशय आल्यावर, आपण किती वेळा कळवलं? पुढे एक लहानसा चौकोन. पेनाने माझी परवानगी न घेता त्यात शून्य काढलं.

"वा, मॅडम! आतापर्यंत सगळ्यांत जास्त," ती बेरीज करून म्हणाली. मग पान उलटून, त्याच सुरात, "आणि कळवलं शून्य."

"मग? त्याचं काय करायचं?" माझा आवाज उगाचच चढला.

"काही नाही हो. सगळ्यांचंच शून्य आहे. तक्त्यात तो रकाना अगदी स्वच्छ दिसतो."

एवढं बोलून ती कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. विभागाच्या मोठ्या डॉक्टरांचा फॉर्म राहिला होता, ते मोकळे व्हायची ती वाट बघत होती. आणि मी त्या एका शब्दावर चिडत बसले. स्वच्छ! जणू फरशी आहे. बावीस वर्षं, दिवसाला साठ पोरं. गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला. संशय कधी आलाच नव्हता का? संशय ही काय माशी आहे, येऊन नाकावर बसायला? तो यायला आधी थांबावं लागतं, आणि थांबायला मला कुणी जागा ठेवली आहे? एका पोराला तीन मिनिटं. त्यात ताप, खोकला, जुलाब, आणि दर पाचवं पोर कुठून तरी पडलेलं. पोरं पडतातच. झोपाळ्यावरून, सायकलवरून, आजोबांच्या खांद्यावरून. लिहून लिहून हात मोडायचा म्हणून सहा वर्षांपूर्वी मी एक रबरी शिक्का करून घेतला. "खेळताना पडल्याने दुखापत. सांगितलेली हकीकत दुखापतीशी जुळते." खाली तारीख आणि सहीला जागा. काय कौतुक झालं त्याचं! बाकीच्या खोल्यांतले डॉक्टर मागून नेऊ लागले, मग प्रत्येकाने आपापला करून घेतला. आणि माझी आणखी एक शक्कल: रडणाऱ्या पोराच्या हातात तो शिक्का द्यायचा, शाईच्या गादीवर दाबायला लावायचा आणि त्याच्याच कागदावर त्यालाच मारू द्यायचा. धप्प! रडणं बंद. शिकाऊ मुलींना मी सांगायचे, बघा गं, मुलाचा विश्वास असा जिंकायचा.

"मॅडम, एक मिनिट फक्त," दारातून आवाज आला, आणि मान वर न करताच मी हसले. तो आवाज ऐकून या इमारतीत हसत नाही असं माणूस नाही. आमचे प्लास्टरदादा. तळमजल्यावरच्या प्लास्टरच्या खोलीत वीस वर्षं मोडलेले हात-पाय सरळ करणारा हा माणूस. प्लास्टर कापायच्या करवतीला त्याने भुंगाबाई नाव ठेवलंय, आणि ती सुरू करण्याआधी तो पोरांना तिची माफी मागायला लावतो, तिची झोपमोड होते म्हणून. घातलेल्या प्रत्येक प्लास्टरवर तो फुलपाखरू काढतो. त्याच्या कडेवर त्याची पाच वर्षांची लेक होती, डावा हात पोटाशी धरून. "काय म्हणतेय आमची राणी?" मी म्हटलं. "जिन्यावरून आली खाली," तोच म्हणाला, "पायऱ्या मोजत होती, एक विसरली." मीही हसले. स्टुलावरची संशोधक मुलगीसुद्धा हसली. "शिक्का मारून द्या, की मी घेतोच खाली प्लास्टरला. तुमची रांग कशाला अडवू?" आमच्यात हीच पद्धत आहे. आपल्या माणसाच्या पोराला रांगेत बसवायचं नाही. दोन पेशंटांच्या मधे, उभ्याउभ्या, कपडे न काढता, बोलता बोलता बघायचं. त्याला आम्ही माणुसकी म्हणतो. एवढ्या गर्दीत एवढं तरी एकमेकांसाठी करावं की नाही? मी कागद ओढला आणि दुसऱ्या हाताने शिक्का उचलला.

कागदावर जागा नव्हती. म्हणजे तीन ठिकाणी ती आधीच भरली होती. खेळताना पडल्याने. खेळताना पडल्याने. खेळताना पडल्याने. चौदा महिन्यांत तीन वेळा. पहिल्याखाली शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरची सही, उरलेल्या दोन्हींखाली माझी. मधला शिक्का तिरपा होता, एका बाजूला शाई जास्त सांडलेली, आणि तो बघताच मला आठवलं: दंड मोडला होता तेव्हाचा. मीच तिला टेबलाशी स्टुलावर उभं केलं होतं. "मार बघू जोरात!" आणि तिने दोन्ही पाय उचलून, चांगल्या हाताने, सगळा भार देऊन मारला होता. धप्प. प्लास्टरदादांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सांगितलेली हकीकत दुखापतीशी जुळते. पाच वर्षांच्या मुलीची साक्ष, तिच्याच हाताने. हातातला शिक्का मला एकदम जड वाटायला लागला असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. जड काही वाटलं नाही, वाटली ती चीड. या संशोधक मुलीची चीड आली. तीन दिवस टाळलं या बयेला, मग नेमकं आजच का? देवा, तुला तरी वेळेचं काही भान आहे का? बाहेर साठ पोरं आहेत. मला हे आज नको होतं.

देवाशी मी अशी भांडते, कारण त्याची-माझी ओळख बाबांनी करून दिली, आणि बाबांच्या घरात देव काही पाहुणा नव्हता. दिवसा टपाल छाटायचं आणि संध्याकाळी गाऊन प्रवचन सांगायचं, हे बाबांचं आयुष्य. त्यांनी स्वर लावला की पाठीमागचा दिवासुद्धा थोडा सरळ जळतो असं मला वाटायचं. त्यांची एक कथा होती, भर सभेत एका बाईची विटंबना होते ती. ऐन त्या जागी बाबा थांबायचे. पेटीवरचा हात काढून घ्यायचे आणि अगदी साध्या, घरच्या आवाजात समोरच्यांना विचारायचे, "आणि बरं का मंडळी, त्या वेळी सभेतले बाकीचे काय करत होते?" कुणी खोकायचंसुद्धा नाही. "सगळे जाणते होते हो. धर्म तोंडपाठ होता. काहीही विचारा, चुकायचे नाहीत. फक्त खाली बघत होते." मग एकदम वरचा स्वर, आणि त्या स्वरातून देव धावत यायचा. त्याची पावलं मला ऐकू यायची. आज पन्नाशी उलटली, तरी कुठे कुणी तसा स्वर लावला की येतात. पण भिंतीपलीकडे कुलपं दुरुस्त करणारा एक गृहस्थ राहायचा. त्याची मुलगी माझ्याच वर्गात. संध्याकाळी तिकडून आवाज यायला लागले की आई नळ मोठा सोडायची, मी पाढे मोठ्याने म्हणायचे आणि बाबा रियाजाला बसायचे. पेटीचा भाता ते नेहमीपेक्षा जोरात ओढायचे. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पाणी, पाढे आणि पेटी आपोआप सुरू व्हायचं. नऊ वर्षांची असताना, एकदा ती सभेची कथा ऐकून घरी येताना मी विचारलं, "बाबा, मग आपण काय करत होतो?" ते रागावले नाहीत. दोन दिवस पेटीवरचं कापड निघालं नाही. तिसऱ्या संध्याकाळी पलीकडे पहिला आवाज आला तसे ते अनवाणीच उठले, आणि मी त्यांच्या मागे. त्यांनी दार वाजवलं. पाचशे माणसांसमोर तीन तास बोलणारे माझे बाबा त्या दारात त-त-प-प करायला लागले. शेवटी एवढंच म्हणाले, "ऐकू येतं. आमच्याकडे सगळं ऐकू येतं." आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. नंतर रोज जाऊन बसायचे. त्याने काय झालं, मला माहीत नाही. वर्षभराने ते बिऱ्हाड गेलं. कुठे गेलं तेही माहीत नाही. आमच्या घरी मात्र त्यानंतर रियाजाच्या वेळी नळ कधी मोठा सुटला नाही.

"दादा," मी म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर थांबा. मी तिला नीट तपासते."

"अहो मनगट आहे नुसतं!"

"थांबा बाहेर." 

ते हसतच गेले, पण दार लोटताना त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि ती त्यांच्याकडे न बघता टेबलावरच्या शिक्क्याकडे बघायला लागली. मी वॉर्डातल्या मावशींना हाक मारली. मावशी इथे माझ्याही आधीपासून फरशी पुसतात आणि पोरं धरतात. दोघींनी मिळून फ्रॉकची मागची बटणं काढली. मनगट सुजलं होतं, ते दिसत होतंच. कानाच्या मागे जांभळं. पाठीवर दोन-दोन समांतर रेघा आणि त्यांच्या मधली कातडी गोरी, पट्टीचा किंवा काठीचा वळ उठतो तशा. एक जोडी लाल, एक जोडी हिरवट, एक पिवळी पडत आलेली. दंडाच्या आतल्या बाजूला चार गोल डाग आणि समोरच्या बाजूला एक. बोटांची जागा. बोटं मोठ्या माणसाची होती. ती कुणाची ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही नव्हती, प्रश्न क्रमांक नऊ. पण मला आठवत राहिले या इमारतीतले सगळ्यांत हळुवार हात. कान, पाठ, दंडाची आतली बाजू. बरोबर, बरोबर, बरोबर. सकाळचे माझे अठरा गुण त्या चिमुरड्या पाठीवर ओळीने मांडून ठेवले होते.

"मला केव्हाच दिसलं होतं," मावशी पुटपुटल्या. "मागच्या खेपेला तिचा फ्रॉक ओला झाला तेव्हा मीच बदलला."

"मग बोलला का नाहीत, मावशी?"

"मला कोण विचारतं? म्हटलं, मॅडमनी सही केली म्हणजे बघितलं असेल."

आणि मॅडमना वाटलं, शेजारच्या डॉक्टरने सही केली म्हणजे त्याने बघितलं असेल. आणि त्याला वाटलं असेल, प्लास्टरदादांची पोर आहे, यात बघायचं काय! असे आम्ही सगळे एकमेकांच्या सह्यांवर डोळे मिटून निवांत बसलेलो. मावशींवर ओरडावंसं वाटलं, म्हणजे स्वतःवर. पण ओरडले असते तर पोर दचकली असती. तिचा फ्रॉक सारखा केला, हाताखाली उशी दिली आणि उठून पार्टिशनपलीकडे मोठ्या डॉक्टरांकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "अगं, आपला माणूस आहे तो." "पोरही आपलीच आहे ना, सर?" "ते नाही म्हणत मी. लिहून काय होणार सांग. चार लोक येतील, फोटो काढतील, जातील. घर मोडलं तर? आणि सोमवारी बावीस प्लास्टरं आहेत, ती कोण घालणार, तू?" "घालीन मी." "वाकडी घालशील." "मग वाकडी घालीन!" "हे बघ, चिडू नकोस. आधी त्याला समज दे. नीट, प्रेमाने." हेच तर चालू आहे इतकी वर्षं! प्रेमाने रांगेतून पुढे घ्यायचं, प्रेमाने कपडे काढायचे नाहीत, प्रेमाने शिक्का मारायचा. "मी सही करणार नाही हं त्यावर," ते म्हणाले. "तुमची सही लागतच नाही, सर. प्रश्न बारावा. तुमचा फॉर्म भरायचा राहिलाय, ती मुलगी कधीची बसलीये बाहेर."

कळवायचा छापील नमुना कारकुनांच्या कपाटात असतो, असं मीच दरवर्षी शिकवते. कारकुनांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हत्तीचं औषध मागितलं. "असला फॉर्म? कुठल्या रंगाचा असतो?" मला रंग माहीत नव्हता. "रंगच माहीत नाही तर शोधायचा कसा, मॅडम?" त्यांनी तीन कपाटं उघडली, एक किल्ली सापडली नाही, लसींचे तक्ते निघाले, जुनी दिनदर्शिका निघाली. घड्याळात साडेअकरा. परत येताना बाकांवरच्या आया कुरकुरत होत्या, "डॉक्टरीणबाई उठून हिंडतायत बघा," आणि त्यांचंही काय चुकत होतं? प्लास्टरदादा दाराशी उभे राहून एका रडक्या पोराला नाक हलवून दाखवत होते, आणि ते पोर खदखदून हसत होतं. हे बघून तर मी कातावलेच. माणूस एकतर वाईट असावा नाहीतर चांगला, म्हणजे आपल्याला लिहायला सोपं जातं. 

खोलीत संशोधक मुलगी उभी होती, निळी फाइल उघडून. पाठ तिने बघितली असणार. "मॅडम, कळवायचा नंबर आहे. शेवटच्या पानावर छापलाय. कुणी तिथपर्यंत येत नाही." मी फोन लावला. दोनदा गुंतलेला, एकदा उचलून ठेवून दिला, एकदा कुणी तरी म्हणालं की साहेब जागेवर नाहीत. पाचव्यांदा एका बाईने सगळं ऐकून घेतलं, मधे न बोलता, आणि म्हणाली, "छापील नको, साध्या कागदावर लिहा. जे दिसलं ते, जिथे दिसलं ते, केवढं आहे ते. तर्क नको. आम्ही एकपर्यंत पोचतो. तोवर मुलीला घरी जाऊ देऊ नका." फोन ठेवला तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "तुमच्या त्या शून्याचं मी एक करू का?" "नको," मी म्हटलं. "ते आजवरचं आहे. राहू दे."

आता प्लास्टरदादांना आत बोलावणं भाग होतं. ते आले, हात पुढे करूनच. "झालं ना? आणा इकडे, प्लास्टर मिनिटात घालतो."

"आज दुसरं कुणीतरी घालेल, दादा. तिला वॉर्डात ठेवते आहे. मी कळवलंय."

काय कळवलंय, कुणाला कळवलंय, असं त्यांनी विचारलं नाही. इमारतीत वीस वर्षं काढलेला माणूस. चेहऱ्यावरचं हसू मात्र लगेच गेलं नाही; विसरून राहिलेल्या दिव्यासारखं थोडा वेळ तसंच राहिलं. "मॅडम, तुम्ही मला ओळखता."

"ओळखते. म्हणून तर दोनदा न बघता सही केली."

"थोडा हात उचलला जातो कधी. कुणाचा जात नाही? दिवसभर लोकांची पोरं रडतात, घरी गेलं की हीसुद्धा..." मी तयार केलेली सगळी वाक्यं, कलमं, कर्तव्य, मुलीचं हित, ही ऐनवेळी कुठल्या कुठे पळाली आणि तोंडून एवढंच निघालं, "दिसतं, दादा. आम्हाला दिसतं." त्यांनी झटकन पुढे होऊन लेकीचा चांगला हात धरला. "चल गं, घरी जाऊ." ती उठलीसुद्धा. न रडता, सवयीने. मला टेबलाला वळसा घालून जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दारात मावशी उभ्या राहिल्या होत्या, बादली पायाशी, फडकं हातात, आणि अख्ख्या दारात त्यांनी पाणी ओतून ठेवलं होतं.

"फरशी ओली आहे, दादा," मावशी म्हणाल्या, अगदी शांतपणे. "बसा. पडाल."

बाहेरच्या बाकांवरून साठ आया आत बघत होत्या. प्लास्टरदादांनी त्या पाण्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. मग लेकीचा हात सोडला. पाण्याच्या कडेकडेने, भिंतीला धरत ते बाहेर गेले आणि बाकाच्या टोकाला, रांगेत सगळ्यात शेवटी, जाऊन बसले. कुणीतरी सरकून त्यांना जागा दिली. मावशी दारातच उभ्या राहिल्या, पुसायला घेतलं नाही.

मी कोरा कागद घेतला. अक्षर वाकडं येत होतं, इतक्या वर्षांत एवढं सलग लिहायची सवयच गेली होती. डावे मनगट, सूज. उजव्या कानामागे, दोन बोटे रुंद. पाठ, तीन जोड्या, रंग वेगवेगळे. पोर टेबलावर पाय हलवत बसली होती आणि शिक्क्याच्या गादीवर अंगठा उमटवून बघत होती. मग तिने शिक्काच उचलला.

"मी मारू?"

"आज शिक्का नाही गं, बाळा."

"मग?"

"आज मी लिहिते आहे."

"काय?"

"मला दिसलं ते सगळं."

तिने माझ्या ओळींकडे बघितलं. वाचता येत नव्हतं तिला, पण ओळी मोजत असावी, ओठ हलत होते. मग शिक्का तिने त्याच्या डबीत नीट ठेवला, झाकण लावलं, आणि टेबलावर बसल्या बसल्या माझ्याकडे पाठ केली. चांगल्या हाताने केस वर धरले आणि मान खाली वाकवली.

"मग इथलं राहिलं," ती म्हणाली.